खुन्याचा उजवा हात

३ फेब्रुवारी

प्रिय खारू,

नऊ वर्षांनी पत्राची सुरुवात कशी करावी, याचे तीन नमुने मी फाडले. पहिल्यात मी फार गोड झाले होते, दुसऱ्यात फार शहाणी, आणि तिसऱ्यात नुसतं हवामान होतं. म्हणून सरळ कामाचं लिहिते.

सोबत एक फॉर्म आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करून परत पाठव.

बाबांचा सिनेमा सापडला. हो, तोच. ‘अकराचा ठोका’. एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली आठ डबे निघाले. सात बरे आहेत, एकाला व्हिनेगरचा वास येतो. फिल्म संग्रहालयातल्या बाई म्हणाल्या, की जुनी फिल्म सडायला लागली की तसाच वास येतो. आपल्या घरातल्या काही माणसांनाही तो यायचा, पण त्यांना डब्यात ठेवायची सोय नव्हती.

संग्रहालय तो दुरुस्त करून नवी प्रत काढणार आहे. त्यासाठी दिग्दर्शकाच्या दोन्ही वारसांची संमती लागते. ‘वारस’ हा शब्द वाचून तुलाही हसू येईल. त्या सिनेमात वारस म्हटला की तो गेलाच म्हणून समजायचं.

बाईंनी माझ्याकडून कथेचा गोषवारा मागितला होता. तोच तुला पाठवते. तू त्यात काम केलं असलंस तरी सात वर्षांचा होतास, आणि स्वतःच्या वाक्यांखेरीज तुला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे बिस्किटांचा पुडा कुठे आहे.

तर. एक मोठं घर. जिन्याखाली उभं घड्याळ, कायमचं बंद. घराण्याला शाप आहे, की हे घड्याळ आपोआप अकरा ठोके देईल तेव्हा घरचा वारस मरेल. आजोबा तसेच गेले, थोरला मुलगा तसाच गेला. आता उरलाय सात वर्षांचा नातू, म्हणजे तू, दोन पुढचे दात मोठे असलेला. त्याचा लाडका मामा पाहुणा म्हणून येतो आणि रात्री नातवाच्या औषधाचा पेला चुकून स्वतः पितो. ठोके पडतात, मामा मरतो. मग गुप्तहेर. संशय दोघांवर, घरचा डॉक्टर आणि धाकटा काका. दोघांच्याही बोटात काळ्या खड्याची अंगठी. डॉक्टरच्या डाव्या हातात, काकाच्या उजव्या. शाप वगैरे काही नव्हतं, डॉक्टरच विष घालत होता आणि घड्याळाला मागून किल्ली देत होता.

सिनेमा चार दिवस चालला. का पडला ते तुला सांगायला नको.

मी बरी आहे. वर्तमानपत्रातला माझा स्तंभ अजून चालतो. दर रविवारी लोकांच्या वेडेपणाची टिंगल करते, लोक ती वाचून हसतात आणि सोमवारी पुन्हा तसेच वागतात. तेवढ्यावर माझं बरं चाललंय.

फॉर्म लवकर पाठव.

तुझी,
ताई

ता. क. बाईंना शूटिंगच्या वेळची माझी वही हवी होती. शोधली. सापडत नाही.


१९ फेब्रुवारी

प्रिय खारू,

फॉर्म पोहोचला. पाकीट उलटं करून झटकलं, चिठ्ठी वगैरे काही पडलं नाही. सही मात्र झकास आहे. शेवटी एक टिंब देतोस, ते बाबांचं. त्यांनाही वाटायचं की टिंब दिलं की विषय संपतो.

काल संग्रहालयात जाऊन सिनेमा पाहिला. म्हणजे पाहिला म्हणायचं, बाई तो थांबवून थांबवून दाखवत होत्या. माझ्याच वयाच्या आहेत, नाकावर चष्मा, हातात पांढरे सुती मोजे, आणि माणसांपेक्षा फिल्मशी जास्त प्रेमाने बोलतात. एका फाटलेल्या तुकड्याला म्हणाल्या, “अगं अगं, थांब, तुला दुखवायचं नाहीये मला.” माझ्याशी इतक्या मऊ आवाजात गेल्या वीस वर्षांत कुणी बोललेलं नाही.

तू पडद्यावर आलास. जिन्याच्या कठड्याला धरून खाली येतोस, एक मोजा वर, एक घोट्यावर. मी ओरडले, “हा मोजा मागच्या शॉटला वर होता!” बाई हसल्या. “तुम्ही कंटिन्युइटी बघायचात ना? कामगारांच्या यादीत तुमचं नाव आहे. वय लिहिलंय बारा.”

हो म्हटलं. बाबांकडे पगारी माणूस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून मी. काम सोपं. कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसायचं आणि कुणाच्या कुठल्या हातात काय होतं, पेला किती भरलेला होता, मेणबत्ती किती जळली होती, सगळं वहीत टिपायचं. कारण सिनेमा तुकड्यांनी बनतो. दार उघडतो एक दिवस, आत येतो पुढच्या आठवड्यात. मधल्या आठवड्यात गड्याने मिशी काढलेली चालत नाही.

मग तो शॉट आला. अंधार, पेला, बाटली, आणि काळ्या खड्याची अंगठी घातलेला हात औषधात विष ओततो. उजवा हात.

बाईंनी चित्र थांबवलं. “इथे आम्ही अडलोय. शेवटी गुप्तहेर म्हणतो, ‘तो हात डावा होता.’ आणि पडद्यावर तर धडधडीत उजवा. म्हणजे काका खुनी ठरतो!”

“ठरला होता,” मी म्हणाले. “पहिल्याच खेळाला पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘अहो साहेब, उजवा!’ मग सगळं थिएटर ओरडायला लागलं. गुप्तहेर बिचारा पडद्यावर बोलतोच आहे आणि लोक त्याला उजवा-डावा शिकवतायत.”

खुनाच्या सिनेमात तीच एक गोष्ट चुकून चालत नाही. आणि इथे नेमकी तीच चुकली.

“लॅबमध्ये फिल्म उलटी छापली गेली असेल का?” बाईंनी विचारलं. “तसं होतं कधीकधी. मग आम्ही सुलटी करू. आरशासारखं फिरवायचं, की उजव्याचा डावा. फक्त तेव्हा तिथे हजर असलेल्या कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगाल तसं.”

विचार कर, खारू. चाळीस वर्षांनी बाबांचा सिनेमा बरोबर होईल. डॉक्टर खुनी ठरेल. कुणाला कळणारही नाही. मी ‘हो, लॅबची चूक’ एवढंच म्हणायचं. मी विचार करून सांगते म्हणाले. तुला काय वाटतं?

आणखी एक. मागचं सगळं आता मागे टाकू या असं मला वाटतं. हॉस्पिटलचंही. आत्याचा स्वभाव तुला माहीत होता. तिने एकदा ठरवलं की कुणाचं चालत नव्हतं, तिथे मी तरी काय करणार होते? ती चार वर्षांपूर्वी गेली, मी कार्ड पाठवलं होतं. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, झोपेत, कुणाचीही नजर न लागता.

तुझी,
ताई


५ मार्च

प्रिय खारू,

तुझं कार्ड आलं. नऊ वर्षांत आठ शब्द: “करा उलटा. माझी एक तरी चूक पुसली जाईल.”

मी ते टेबलावर ठेवलं. मग पुस्तकात ठेवलं. मग पुस्तक कपाटात ठेवलं. मग पुन्हा काढून टेबलावर ठेवलं. रविवारचा स्तंभ लिहायला बसले होते, दुसऱ्यांच्या तिसऱ्या बेडरूमबद्दल काहीतरी खुसखुशीत. एक ओळ सुचली नाही.

तर आता ऐक. मध्ये विनोद आला तर दुर्लक्ष कर. मला घाबरल्यावर विनोद सुचतात, हे तुला माहीत आहे.

त्या दिवशी डॉक्टरचं काम करणारे नट दुसऱ्या शूटिंगला निघून गेले होते. पण शॉट फक्त हाताचा होता, त्यामुळे बाबा म्हणाले, “हात काय, माझा चालेल.” त्यांनी अंगठी घेतली. दिवे लागले होते, कॅमेरामन घाई करत होते. बाबांनी मला विचारलं, “काय गं, कुठला हात?”

मी वही उघडली. डॉक्टरच्या पानावर लिहिलं होतं, ‘अंगठी उजवीकडे.’

बाबांनी मला पहिल्याच दिवशी नियम शिकवला होता. जे टिपायचं ते कॅमेऱ्याच्या बाजूने टिपायचं. समोरच्या माणसाचा डावा हात आपल्याला उजवीकडे दिसतो, तर ‘उजवीकडे’ असंच लिहायचं. मी बरोबर लिहिलं होतं. वाचताना विसरले. म्हणाले, “उजवा.”

ते म्हणाले, “नक्की?”

मी म्हणाले, “बाबा, माझी वही आहे ना!” अशा तोऱ्यात, की युनिटमधले दोघं-तिघं हसले. मग बाबांनी पुन्हा विचारलं नाही. अंगठी उजव्या हातात घातली. पुढे एडिटिंगला त्यांनी तो शॉट शंभरदा पाहिला असेल, पण त्यांना त्यात आपलाच हात दिसत होता. आपल्या हातावर कोण संशय घेतं?

पहिल्या खेळानंतर आपण घरी आलो. बाबा खुर्चीत बसले, बूट न काढता. आत्या म्हणाली, “आता सांगा, कुणाच्या निष्काळजीपणाने हे झालं?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणाले, “खारूने माझ्या वहीचं पान फाडून विमान केलं. मी आठवून सांगितलं.”

तू विमानं करायचास, हे खरं. माझ्या वहीचीही केली होतीस. म्हणून तुला स्वतःलाच वाटलं की केलं असेल. तू बाबांच्या खुर्चीजवळ गेलास आणि म्हणालास, “सॉरी बाबा, मला माहीत नव्हतं ते पान महत्त्वाचं आहे.” मी दारात उभी होते. बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. एक वाक्य बोलायला तेव्हा मला फार तर तीन सेकंद लागले असते. मग तीन दिवस झाले, मग एक वर्ष, आणि चौदा महिन्यांनी बाबा गेले. त्यानंतर सांगायला माणूसच उरला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. जणू काही तू माणूस नव्हतास.

बाबा गेले त्या आठवड्यात आत्याने पहिल्यांदा तो शब्द वापरला. पनवती. घरात शाप म्हणून सिनेमात बाबांनी घड्याळ दाखवलं होतं, आत्याने तुला दाखवलं. तुला आठवतं का, माझी दहावीची परीक्षा? मी बाहेर पडेपर्यंत तुला बाथरूममध्ये थांबवायचे, म्हणजे माझ्या समोर येणार नाहीस. सात पेपर, सात सकाळी. तू आतून ओरडायचास, “ताई, गेलीस का? मला शाळेला उशीर होतोय!” आणि मी मुद्दाम बुटांच्या नाड्या सावकाश बांधायचे, कारण मला गणिताची भीती वाटत होती. आणि कारण, खरं सांगायचं तर, हे सोयीचं होतं. घरात काहीही बिघडलं की नजरा तुझ्याकडे वळायच्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी पास झाले. आत्या म्हणाली, “बघितलंत? बाथरूममध्ये ठेवला म्हणून.” तूही हसलास तेव्हा. तुला पेढा मिळाला होता.

आता हॉस्पिटल.

मागच्या पत्रात मी आत्याचं नाव घेतलं. ते खोटं होतं. नऊ वर्षांपूर्वी आईच्या ऑपरेशनच्या सकाळी तू कॉरिडॉरमध्ये आलास तेव्हा आत्या खाली चहा प्यायला गेली होती. तू रात्रभर प्रवास करून आला होतास, शर्ट चुरगळलेला, हातात आईचा नवा चष्मा. तूच बनवलेला. म्हणालास, “तिला आत जायच्या आधी देतो, निदान डॉक्टरांची तोंडं तरी नीट दिसतील.”

आणि मी म्हणाले, “आज नको, खारू. उद्या ये. आज राहू दे.”

तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं मी थट्टा करते आहे. मग कळलं. मी तुझ्या हातातून चष्मा घेतला आणि दार लावून घेतलं. आईला सांगितलं की तू उद्या येणार आहेस. ती म्हणाली, “उद्या कशाला? तो तर दारात बोलत होता.”

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ‘उद्या’ आला नाही, ते तुला माहीत आहे.

त्याच रविवारी माझा स्तंभ छापून आला होता. आधीच लिहून दिलेला. विषय होता, मांजर आडवं गेलं म्हणून परत फिरणारे सुशिक्षित लोक. खूप गाजला. लोक अजून त्याची आठवण काढतात. “काय चामडी सोलली होती हो तुम्ही!” म्हणतात. मी ‘हो’ म्हणते.

आता वहीबद्दल. ‘सापडत नाही’ लिहिलं तेव्हा ती माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होती, आणि पत्र मी त्याच टेबलावर लिहीत होते. आईच्या कपाटात, तिच्या लोकरीच्या कपड्यांखाली मिळाली होती, ती गेली त्यानंतर. डॉक्टरचं पान जागच्या जागी आहे. मध्ये चार पानं गायब आहेत, ती तुझ्या विमानांची. त्यांच्यावर काय होतं ते मला आठवतं: गड्याच्या मिश्या आणि खिडक्यांचे पडदे. त्यांच्यावाचून काहीच अडलं नाही.

आईने ती वही जपून ठेवली होती. तिने पानं मोजली होती का, मला माहीत नाही. मोजली असतील तर तिने मला तिच्या शेवटापर्यंत, एकतीस वर्षं वेळ दिला. मी तो घेतला, पूर्ण.

वही वेगळ्या पाकिटातून रजिस्टर्ड पाठवते आहे. पान अठ्ठावीस. तू चष्मे करतोस. रोज समोरच्या माणसाचा उजवा डोळा तुला तुझ्या डावीकडे दिसतो आणि तू एकदाही चुकत नाहीस. तुला एका नजरेत कळेल.

चूक तुझी नव्हती. कधीच नव्हती.

ताई


२६ मार्च

प्रिय खारू,

वही मिळाल्याची तुझ्या सहीची पोच आली. टिंबासकट. त्यापलीकडे काही नाही, आणि मी पाकीट झटकलं नाही.

काल संग्रहालयात जाऊन बाईंना सांगितलं, की उलटवू नका. “म्हणजे लॅबची चूक नव्हती?” त्यांनी विचारलं.

“नव्हती. माझी होती. बाबांनी विचारलं आणि मी चुकीचा हात सांगितला.”

बाईंनी मोजे काढले. मला वाटलं समजावणीचं काहीतरी बोलतील, ‘बारा वर्षांचं लेकरू’ वगैरे. त्या म्हणाल्या, “मग माहितीपत्रकात तसं छापू का?”

“छापा.”

“शब्द कसे?”

मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं: ‘विष ओतणारा हात उजवा दिसतो. ही चूक कंटिन्युइटी पाहणाऱ्या मुलीची आहे. तिने ती त्या वेळी आपल्या सात वर्षांच्या भावावर ढकलली.’

बाई म्हणाल्या, “दुसरं वाक्य सिनेमाशी संबंधित नाही.”

मी म्हणाले, “तेच आहे.” त्यांनी वर बघितलं, आणि खोडलं नाही.

गेल्या रविवारच्या स्तंभातही मी हेच सगळं लिहिलं, परीक्षेच्या बाथरूमपासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत. तुझं नाव नाही, माझं आहे. सात वाचकांची पत्रं आली. एकाने कळवलंय, “बाई, या खेपेला विनोद जरा कमी पडला.” त्यांचं बरोबर आहे.

काल सिनेमा पुन्हा पाहिला, न थांबवता. शेवट मी विसरले होते. डॉक्टरला घेऊन जातात. तू जिन्याखाली घड्याळाकडे बघत उभा आहेस, एक मोजा घोट्यावर. गुप्तहेर तुझ्याशेजारी गुडघ्यावर बसतो. तू विचारतोस, “आता शाप माझ्यावर येणार?” तो म्हणतो, “शाप असा काही नसतो, बाळ. ते कुणीतरी केलेलं असतं.” मग तू घड्याळाला किल्ली देतोस. ते चालू लागतं, सिनेमा संपतो.

ते वाक्य बाबांनी लिहिलं होतं, आपलं घर तसं होण्याआधी. थिएटरात आपल्यापैकी कुणीच शेवटपर्यंत थांबून ते ऐकलं नसावं. पहिल्या खेळाला आपण उजव्या-डाव्याच्या आरड्याओरड्यातच बाहेर पडलो होतो.

आपल्या घरात ते मी केलं. हे एकदा लिहून ठेवते, म्हणजे कुणाला गुप्तहेर लावायला नको.

बारा एप्रिलला संध्याकाळी पाच वाजता संग्रहालयाच्या छोट्या थिएटरात खेळ आहे. सुरुवातीला मी दोन मिनिटं बोलणार. काय, ते तुला आता माहीत आहे. तू यावंस असा माझा हक्क नाही, आणि आला नाहीस म्हणून मी कुणाला काही सांगणार नाही. दुसऱ्या रांगेतली मधली खुर्ची मात्र राखून ठेवली आहे. शेजारची माझी.

आईचा चष्मा अजून माझ्याकडे आहे, खोक्यातून न काढलेला. तो पोस्टाने पाठवत नाही. वाटेत फुटेल म्हणून नाही. तो तुझ्या हातून मी घेतला होता, तुझ्याच हातात द्यायचा आहे.

थिएटरला मागचंही दार आहे. लहानपणापासून तुला तिथूनच आत घ्यायची आपल्याकडे सवय. ते बाईंना बंद ठेवायला सांगितलं आहे. आलास तर पुढून ये. मी पायऱ्यांवर उभी असेन, बोलायला आत जायच्या आधी. ही परीक्षा दहावीच्या गणितापेक्षा मोठी आहे.

तेव्हा समोर ये, खारू. मी आत जाते आहे, तू अगदी समोर ये.

तुझी,
ताई